हिंगणघाटची जुनी लाईन, मागच्या बाजूने

उन्हाळ्यात मी याच ब्लॉगवर हिंगणघाटच्या जुन्या लाईनबद्दल, म्हणजे बाजारातल्या दुकानांच्या जुन्या रांगेबद्दल, लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘अठरा दुकानांपैकी अकरांची शटरं भर दिवसा बंद आहेत, ही लाईन मेलेली आहे.’ शटरांची मोजणी बरोबर होती. त्यावरून मी जे ठरवलं ते चूक होतं.

तो लेख मी काढून टाकलेला नाही. चौथीपर्यंत मी घरीच आईकडे शिकले आणि आईच्या शाळेत खोडरबर नव्हतं. चुकलं की त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर लिहायचं. त्या वाक्यावर रेघ मारली आहे. शेजारी लिहायचं ते हे.

चूक कळली ती एका निरोपामुळे. वडनेरच्या ज्योत्स्नाताईंनी लिहिलं होतं: ‘मी शिलाई करते. लाईनमागच्या नव्या मार्केटात गाळ्यासाठी माझं नाव लागलं आहे. करारावर जामीन म्हणून भावाची सही पाहिजे. त्याने तुमचं वाचलं आणि नाही म्हणाला. पोळ्यानंतरच्या मंगळवारपर्यंत सही झाली नाही तर गाळा दुसऱ्याला जाईल. तुम्ही मागच्या बाजूला गेल्या होत्या का?’

मी गेले नव्हते. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, वर्ध्याहून सकाळची एसटी पकडली.

जाणाऱ्यांसाठी: वर्धा ते हिंगणघाट एसटीने साधारण तास-सव्वा तास लागतो, बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेही आहे, पण तिची वेळ साधावी लागते. वायगावच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन, मधेमधे तुरीचे तास. रस्ता बरा आहे, गावांपाशी खड्डे आहेत. मी डावीकडची खिडकी धरली आणि वहीत प्रश्न लिहीत बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, “पेपर हाये का वो तुहा?” एका अर्थाने होताच.

स्टँडबाहेर आलूबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा तिखट असतो, तो वेगळा मागून घ्या. तिथेच ज्योत्स्नाताई भेटल्या. पंचेचाळिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, पिशवीतून मापाची टेप लोंबत होती. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, “ते मंग. पयले चाल, पाह्य.”

लाईनमध्ये शिरल्यावर मी शटरं पुन्हा मोजली. या वेळी बारा बंद होती. माझा चेहरा पाहून त्या हसल्या आणि मला दोन दुकानांमधल्या बोळीपाशी घेऊन गेल्या. बोळीच्या तोंडाशी तीच पाटी होती: ‘काम चालू आहे. आत येण्यास मनाई.’ उन्हाळ्यात मी ती वाचली होती आणि मागे फिरले होते.

“काऊन नाई आली इकडून?”

“पाटी होती ना, ताई.”

“काम संपून दिवाळी झाली. पाटी काढाची राह्यली. गावात कोणीच नाई थांबत तिच्यापाशी.” मग माझ्याकडे बघून, “एक तू थांबली.”

बोळ वीस पावलांची आहे. पलीकडे कापसाच्या जुन्या जिनिंगचं आवार होतं, हे मला माहीत होतं. तिथे बाभळी आणि गंजलेले पत्रे असतील असं मी धरून चालले होते. आवार साफ झालंय. जुन्या लोखंडी खांबांवर नवं छप्पर चढलंय, खाली फरशी, भाजीवाल्या बायकांसाठी बसके ओटे, मधला कडुनिंब तसाच ठेवलाय. एका कडेला दुमजली इमारतीत गाळे. बायकांसाठी संडास आहे, पाणी आहे, आतून कडी लागते. प्रवास करणाऱ्या बायकांना ही शेवटची ओळ महत्त्वाची वाटेल, म्हणून खात्री करून लिहिते आहे.

आणि लाईनमधली दुकानं? त्यांनी मागची भिंत फोडून आवाराकडे दारं काढली आहेत. मी समोरून बंद मोजलेल्या बारांपैकी नऊ इकडून उघडी होती. भांड्यांच्या दुकानाचे काका स्टुलावर बसले होते. ताईंनी माझी ओळख करून दिली.

“तुमीच काय त्या? लाईन मेली म्हणून लिहिलं?”

“हो काका.”

“मंग मी कोण हाओ, भूत?” त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली, “अरे, च्या सांग. भूतं पाह्यले पाव्हणी आली हाये.”

चहा आला. काका म्हणाले, लाईनमध्ये गाडी लागत नव्हती, गिऱ्हाईक बाहेरच्या रोडवर जात होतं. आवार मोकळं झालं तसं दुकानदारांनी पाठीचं तोंड केलं. मी लिहून घेत होते. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. झुली, घुंगरमाळा, वेसणी, तान्ह्या पोळ्यासाठी लहानमोठे लाकडी बैल. ते पाहून मला पुन्हा धास्ती बसली. ही गर्दी आवाराची की सणाची?

“काका, एरवी किती असते?”

ते ताईंकडे बघून म्हणाले, “वकील आणली काय वो?” मग मला म्हणाले, “एरवी याच्या निम्मी. खोटं नाई सांगत. पन दुकान चालते.”

मग आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. वर बहुतेक गाळे रिकामे होते. दोनच उघडे, एक झेरॉक्सचा, एक घड्याळदुरुस्तीचा. ताईंचा गाळा कोपऱ्यात, वरच. म्हणजे मी खालची गर्दी लिहिली आणि हे गाळलं, तर पहिल्या चुकीवर दुसरी चूक. हे लिहिलं, तर त्यांचा भाऊ पुन्हा नाहीच म्हणणार. मी वही बंद केली आणि हे त्यांना तसंच सांगितलं.

त्या खिडकीपाशी गेल्या. “लिही ना. वर कोणी नाई, म्हणून तं मले वर पाह्यजे. ब्लाऊजचं माप काय चौकात देतेत बाया? वडनेरले घरी येतेत तं पयले इचारतेत, तुहा जेठ घरी हाये का. इथं दार लावलं की झालं. अन उजेड पाह्य.” उत्तरेची खिडकी होती. त्यांनी पिशवीतून काळ्या कापडाचा तुकडा काढला, सुईत काळा दोरा एका दमात ओवला, एक टाका घातला आणि कापड माझ्यापुढे धरलं. काळ्यावर काळा टाका मला स्पष्ट दिसला.

त्यांनी भावाला, विनोदभाऊंना, फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते नागपूरला नोकरीला असतात. मी नाव सांगितलं आणि म्हणाले, माझं लिहिणं चुकलं होतं.

“आता काय लिहिता मंग? लय भारी हाये म्हणून?”

“नाही. खाली बरं चाललंय, पण आज पोळ्याची गर्दी आहे. वरचा मजला बहुतेक रिकामा आहे.”

ताई माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही.

“ताई, ही पोरगी तुह्या बाजूनं हाये का माह्या?” मग विनोदभाऊंनी मला सांगितलं, “सण होऊ द्या. सोमवारी माही सुट्टी राह्यते. जिथून तुमी पाह्यलं नाई, तिथून मले दाखवा. पटलं तं तिथंच सही करतो.”

“अन नाई पटलं तं?” ताईंनी विचारलं.

“तं जेवून जाईन तुह्या घरी. येजो स्टँडवर.”

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली. ताईंनी बळेच सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, बांधून दिली होती, ती वायगावच्या आधीच संपली. घरी आईने विचारलं, “काय आणलं?” मी म्हणाले, एक बोळ. ती म्हणाली, वहीत लिही, विसरशील.

आता विचार करते तर छप्पर, फरशी यांपेक्षा ती पाटीच मनात राहिली आहे. जी पाटी सगळं गाव ओलांडून जातं, तिच्यापाशी मी थांबले आणि तेवढ्यावर अठरा दुकानांचा निकाल लिहून टाकला. तरी काल मला बरं वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी. विनोदभाऊंना पटेल की नाही, मला माहीत नाही. सणानंतरचा साधा दिवस कसा असतो तेही मी पाहिलेलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

शनिवारी पोळा आहे, रविवारी तान्हा पोळा. सोमवारी सकाळी दहा वाजता मी हिंगणघाट स्टँडवर उभी असेन, आणि त्या दोघांना पाटी ओलांडून आत नेईन.