शंकररावांच्या इंजिनाचा ताप

जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचे किस्से कोणी जमवत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतो, तसे ते आपोआप साचतात. क्षार निदान मोजता येतो. किश्शांतली अतिशयोक्ती मला अजून मोजता आलेली नाही. म्हणून येथे फक्त डोळ्यांदेखत घडलेले सांगते.

आमच्या नांदेड-लातूरच्या गटात गाड्या जेमतेम सहा. मी नांदेडला अभियांत्रिकीच्या मुलांना उष्मागतिकी शिकवते, त्यामुळे कोणाचेही इंजिन तापले की फोन मला! सर्वाधिक फोन लोह्याच्या शंकररावांचे. त्यांची अँबॅसॅडर वडिलांच्या वेळची, इंजिन मूळचे. लेक राणीची पाठवणी याच गाडीतून करायची, असा त्यांचा हट्ट होता. ते इंजिन एकदा जरी मर्यादेबाहेर तापले, तर सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, तडकणार आणि तसे दुसरे मिळणार नाही. ते वर्षभर मी तापमानाच्या काट्याच्या धास्तीत काढले.

*

पहिल्याच तपासणीत थर्मोस्टॅट सापडला नाही. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती लहानशी झडप शंकररावांनी काढून फेकली होती.

"मॅडम, हे थंड मुलखातलं सामान. लोह्याच्या उन्हात काय करायचं त्याचं?"

मी समजावले, की पाणी साधारण ऐंशी ते पंचाण्णव अंशांत राहिले पाहिजे. सतत त्याखाली राहिले तरीही इंजिन झिजते.

"म्हंजे गरम बी चालत न्हाई, थंड बी चालत न्हाई?"

"नाही."

"मग आमच्या तालुक्याच्या सायबाचा मिजाज असाच हाय!"

*

लातूरचे कुलकर्णी सर निवृत्त शिक्षक. त्यांच्या पद्मिनी गाडीत शेजारी बसून काकू काटा मोठ्याने वाचत असत. "नव्वद! अहो, ब्याण्णव!" सरांनी वैतागून काट्यावर कॅलेंडरचा कागद चिकटवला. मी तीव्र आक्षेप घेतला. भीती झाकल्याने तापमान उतरत नाही.

काकू मात्र शांत होत्या. "दिसत नाही ना? मग मी आता वास घेते."

तिसऱ्याच दिवशी जळक्या रबराचा वास त्यांनाच आधी आला. पंख्याचा पट्टा तुटायच्या बेतात होता. तेव्हापासून सर दर दोन किलोमीटरला विचारतात, "अगं, काही वास?"

*

मुदखेडच्या रेल्वे फाटकात अँबॅसॅडरच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली. शंकररावांनी टॉवेलची घडी रेडिएटरच्या झाकणावर ठेवली.

"हात काढा!" मी ओरडले. "आतले पाणी दाबाखाली आहे. झाकण सैल होताच उसळेल."

"किती येळ थांबू?"

"किमान अर्धा तास."

"तवर फाटक उघडंल की!" म्हणत त्यांनी झाकण थोडेसे फिरवले.

पुरुषभर उंच पांढरा झोत उठला. चेहरा वाचला तो चार बोटांनी. हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत सोलला.

दवाखान्यात त्यांचा पहिला प्रश्न होता, "रंग तर न्हाई न्हवं गेला?"

"कातडं गेलंय तुमचं!" डॉक्टर म्हणाले.

"गाडीचं इचारून राहिलो, डॉक्टरसाहेब."

*

एकदा एका गावाजवळ गाडी तापून उभी राहिली, तर बाया घागरी घेऊन धावत आल्या. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले असते, तर सारे तिथेच संपले असते. मी हात पसरून बॉनेटसमोर उभी राहिले. "कृपया कोणीही पाणी ओतू नका!"

एका म्हातारीने मला आपादमस्तक न्याहाळले. "तहानल्याला पानी न्हाई म्हन्ती. कोन हाय गं ही?"

"कालिजात शिकवत्यात," शंकरराव म्हणाले.

"तरीच!"

*

शेवटी तो दिवस आला. भर मे महिना. लातूरला लग्न, औशाला पाठवणी. शंकरराव चालवत होते, शेजारी मी, मागे राणी आणि जावई, त्यामागे वऱ्हाडाची जीप. औसा दिसू लागले आणि काटा लाल पट्ट्यात शिरला.

"थांबवा," मी म्हणाले.

"नवरीची गाडी वाटंत थांबत नसती, मॅडम. अपशकुन हाय."

"इंजिन जाईल!"

"बाबा, थांबा ना," राणी मागून म्हणाली.

"न्हाई म्हन्लं ना!" त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही.

आणि काटा खाली आला. शंभर, ऐंशी, साठ.

"उतरला! देवानं ऐकलं!" शंकरराव ओरडले. जावयांनी टाळ्या वाजवल्या.

काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपले, की तो पोकळीचे तापमान सांगतो. इंजिन कोरडे पडले होते.

दुसऱ्याच्या गाडीला मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. त्या दिवशी लावला. किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

गाडी नुसती घरंगळत होती. वेग वीसवर आला, मग दहावर.

मागचे दार उघडले. "मामा, सरळ धरा!" म्हणत जावयांनी फेट्यासकट उडी टाकली आणि धावत डिकीला दोन्ही हात लावले. राणीने शालू खोचला आणि दुसऱ्या दाराने उतरली. मीही उतरले. जीपमधले वऱ्हाडही गाडी ढकलायला धावत आले.

वेशीपाशी विहीणबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. घामाने निथळणाऱ्या लेकाकडे त्यांनी क्षणभर पाहिले.

"गाडी वाटंत कुठं थांबली न्हाई न्हवं?"

"न्हाई, आई," तो धापा टाकत म्हणाला. "एकदाबी न्हाई."