इनायत कादरचं मॅट्रिक

कादर खानसाम्याचा इनायत वर्गात पहिल्यांदा इंग्रजीत बोलला, तेव्हा सगळा वर्ग पोट धरून हसला. गायधनी मास्तरांनी त्याला विचारलं होतं, मागच्या बाकावर कसली गडबड चालली आहे? इनायत उभा राहिला आणि देवळाली कॅम्पात गोरे सोल्जर बोलतात तसं एका दमात म्हणाला, "आय ऐन्ट डन नथिंग, सर."

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"एका वाक्यात दोन नकार. म्हणजे काहीतरी केलं आहेस, असा अर्थ झाला," ते म्हणाले. "हे कुठे शिकलास? कॅम्पात? हे इंग्रजी नव्हे रे बाबा. हे बूट पुसणाऱ्यांचं इंग्रजी. परीक्षकापुढे असलं लिहिलंस, तर मार्क राहू देत, पेपर उचलायला चिमटा मागेल तो."

तेव्हापासून मुलं त्याला 'ऐन्ट' म्हणू लागली. मॅट्रिकच्या वर्गापर्यंत ते नाव त्याला चिकटून राहिलं.

इनायतचे लोक मूळचे सिन्नरकडचे. घरातही बोलणं मराठीच, तेही खेड्यातलं. बाप कादर तरुणपणी देवळालीला आला, मसालची म्हणून, म्हणजे भांडी घासायला, एका साहेबाच्या स्वयंपाकघरात शिरला आणि पुढे खानसामा झाला. बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांतल्या एका खोलीत इनायत जन्मला. मराठी चौथी कॅम्पातच झाली. मग कादरनं हट्टानं त्याला नाशिकच्या इंग्रजी शाळेत घातलं. आई रोशनबी म्हणाली होती, "एवढ्या लांब मोटारीनं पोर रोज जाणार, येणार. शिकून करणार काय?" कादर म्हणाला, "मॅट्रिक होईल. कॅम्पाच्या हापिसात खुर्चीवर बसंल. माझ्यावानी धुरात नाय मरायचा."

गणितात इनायत बरा होता, इतिहासात चांगला होता. इंग्रजी मात्र त्याला साधत नव्हतं. शाळेतलं इंग्रजी सगळं व्याकरणाचं. वाक्य मोडायचं, त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. कर्तरीचं कर्मणी करायचं, मराठी उताऱ्याचं इंग्रजी करायचं. इनायतच्या कानात इंग्रजी लहानपणापासून होतं. पण ते शिव्यांचं, हुकमांचं, हसण्याखिदळण्याचं. कानातलं इंग्रजी आणि पुस्तकातलं इंग्रजी यांची कधी ओळखच झाली नाही.

सन चौतीस सालच्या चाचणीत तो इंग्रजीत पडला. चाचणीत पडलेल्या मुलाचा अर्ज शाळा युनिव्हर्सिटीकडे पाठवत नसे. इनायतचं एक वर्ष तसंच गेलं.

कादरनं मग जे करायला नको होतं ते केलं. सकाळचा चहा देताना त्यानं मेमसाहेबांपुढे हात जोडले.

या मेमसाहेब म्हणजे कॅप्टन विल्मॉट यांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं, साहेब दिवसभर तोफखान्याच्या मैदानावर, आणि देवळालीतल्या दुपारी लांबच लांब. त्यांना ती कल्पना एकदम आवडली. दुसऱ्याच दिवशी इनायतला व्हरांड्यात बोलावणं आलं. त्या वेताच्या खुर्चीत, तो समोर सतरंजीवर.

त्यांनी त्याची व्याकरणाची वही चाळली आणि हसून बाजूला ठेवली. "हे सगळं विसर," त्या म्हणाल्या. "भाषा अशी शिकतात होय?" मग त्या मोठ्यानं वाचू लागल्या. रोज वाचायच्या. कविता, गोष्टी, कधी वर्तमानपत्र. त्याच्याकडून वाचून घ्यायच्या. बागेतल्या फुलांबद्दल, माळ्याबद्दल, पावसाबद्दल त्याला बोलायला लावायच्या. चुकलं की नियम सांगत नसत, बरोबर वाक्य म्हणून दाखवत. सहा-सात महिन्यांत इनायतची जीभ सुटली. एकदा दुपारी त्याच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात आधी मराठी वाक्य जुळवत नाही. त्या दिवशी तो नाचायचाच बाकी होता. घरी येऊन आईला म्हणाला, "अम्मा, मला इंग्रजीत विचार येतात आता."

"मराठीत येत व्हते ते काय वाईट व्हते?" रोशनबी म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं.

त्या डिसेंबरात बंगल्यावर नाताळची मेजवानी होती. मेमसाहेबांनी कादरला सांगितलं, इनायतला स्वच्छ कपडे घालून पाठव, पाहुण्यांना कविता म्हणून दाखवू दे. कादरनं स्वतःचा पांढरा कोट रोशनबीकडून आखूड करून घेतला.

इनायतनं कविता म्हटली. एकदाही अडखळला नाही. टाळ्या पडल्या. मग एक लालबुंद चेहऱ्याचा मेजर पुढे वाकला आणि म्हणाला, "तो एक शब्द पुन्हा म्हण बघू. प्लेझर."

"प्लेजर," इनायत म्हणाला.

"पुन्हा."

"प्लेजर."

टेबलाभोवती हसू फुटलं. मेजरनं आणखी दोनदा म्हणवून घेतलं. हसू वाढत गेलं. मग तो मेमसाहेबांकडे वळून म्हणाला, "मागच्या वर्षी तुमच्याकडे पोपट होता, त्यापेक्षा हा पुष्कळ बरा बोलतो."

"आणि हा चावतही नाही," मेमसाहेब म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

वर्षापूर्वी इनायतला यातलं निम्मंही कळलं नसतं. आता शब्दन् शब्द कळला. त्यानं बापाकडे पाहिलं. कादर बशांचा ट्रे धरून भिंतीशी उभा होता आणि पाहुण्यांबरोबर हसत होता.

मागच्या खोलीकडे परतताना कादरनं विचारलं, "काय म्हनाले रे साहेब लोक?"

"लय चांगलं बोलला म्हणाले, अब्बा."

"मग झालं तर," कादर म्हणाला.

इनायत दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मेमसाहेबांनी निरोप धाडला, त्यानं डोकं दुखतं म्हणून कळवलं. आठवड्यानं त्यांनी कादरला बोलावून विचारलं, तुझ्या मुलाला शिकायचं नसेल तर तसं सांग, माझा वेळ फुकट नाही. त्या दिवसापासून जेवणात खोट निघू लागली. सूप गार, भाजी करपट. कादरनं मुलाला मारलं नाही. नुसता म्हणाला, "परीक्षेपुरतं सोस. तीन महिने ऱ्हायले. मला वीस वर्षं झाली."

इनायत पुन्हा जाऊ लागला. विचारलं तेवढं बोलायचा, वाच म्हटलं की वाचायचा. मेमसाहेबांचाही रस ओसरला होता. मध्येच त्या जांभई द्यायच्या, कधी शिंपी आला म्हणून त्याला परत पाठवायच्या. चाचणीत तो कसाबसा निघाला आणि अर्ज पुढे गेला, पण व्याकरणात त्याची पार दैना होती. बोलणं येत होतं. वाक्याचे तुकडे पाडायला सांगितले की हात थिजायचा.

शेवटी तो गायधनी मास्तरांच्या घरी गेला. मास्तर जुन्या नाशकात राहत, सकाळी घरी शिकवणी घेत.

"मडमेचं इंग्रजी संपलं वाटतं?" मास्तर म्हणाले.

इनायतनं व्याकरणाची वही पुढे केली.

"आत बसता येणार नाही तुला. घरात सोवळं-ओवळं आहे. माझं चालत नाही तिथे. ओट्यावर बस, खिडकीपाशी. मी मोठ्यानं शिकवीन."

मग फेब्रुवारी आणि अर्धा मार्च इनायत ओट्यावर बसला. आत चार-पाच मुलं मास्तरांच्या पाटाभोवती, बाहेर खिडकीच्या गजाशी तो. मास्तर खरोखर मोठ्यानं शिकवायचे. अधूनमधून स्वतः खिडकीशी येऊन त्याची वही मागायचे, लाल शाईनं दुरुस्त करून गजांतून परत द्यायचे. फी घेतली नाही. तो उठून निघाला की आतून कुणीतरी येऊन त्याच्या जागेवर तांब्याभर पाणी ओतायचं. इनायत गल्लीत उतरतो न उतरतो तोच ते ऐकू यायचं. मास्तरांनाही येत असणार.

निबंध मास्तर पाठ करून घेत. रेल्वेचा प्रवास, शेतकऱ्याचं जीवन, वर्तमानपत्राचे फायदे. "परीक्षकाला तुमच्या मनातलं नको आहे," ते बजावत. "त्याला चुका नको आहेत. पाठ केलेलं ओता आणि भाषांतराकडे वळा. भाषांतर म्हणजे हातचे मार्क. ते सोडणारा करंटा."

इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी इनायतनं प्रश्नपत्रिका वाचली तेव्हा त्याला हायसं वाटलं. निबंधात रेल्वेचा प्रवास होता. त्याखालीच दुसरा विषय होता: लक्षात राहिलेली एक संध्याकाळ.

रेल्वेच्या प्रवासाचं पहिलं वाक्य त्यानं लिहिलंसुद्धा. मग ते खोडलं. का खोडलं, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. त्यानं दुसरा विषय घेतला आणि आखूड केलेल्या पांढऱ्या कोटापासून लिहायला सुरुवात केली. टेबल लिहिलं, मेजरचा चेहरा लिहिला, तो शब्द लिहिला, पोपट लिहिला, ट्रे धरून हसणारा बाप लिहिला. वाक्यं येत होती. ना मडमेची, ना मास्तरांची. पुरवणी मागून घेतली. मध्ये एकदा घंटा झाली ती त्यानं ऐकली, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. त्यानं मान वर केली तेव्हा पर्यवेक्षक पेपर गोळा करत दोन बाकांवर आला होता. भाषांतर कोरं होतं. व्याकरणाचा प्रश्न अर्धा.

बाहेर मुलं उत्तरं पडताळत होती. मास्तर स्वतः फाटकाशी आले होते. त्यांनी विचारलं, "भाषांतर?"

"राहिलं, सर."

"सगळं?"

"निबंधात वेळ गेला."

मास्तर म्हणाले, "परीक्षेत कीर्तन करत बसलास? गाढवा, हातचे होते रे ते!" आणि तरातरा निघून गेले.

निकाल जूनमध्ये आला. वाचनालयात वर्तमानपत्राभोवती गर्दी होती. इनायतचा नंबर नव्हता. पुढे मार्क कळले. बाकी सगळ्या विषयांत तो पास होता. इंग्रजीत गेला होता.

त्याआधीच, उन्हाळ्यात, विल्मॉट साहेबांची रावळपिंडीला बदली झाली होती. सामानाच्या घाईत मेमसाहेब कादरला शिफारशीची चिठ्ठी द्यायच्या विसरल्या. चिठ्ठीशिवाय नवा साहेब खानसामा ठेवत नसे. महिनाभर कादर बंगल्याबंगल्यांच्या मागच्या दारांनी फिरला. मग एके दिवशी कागद-दौत घेऊन इनायतपुढे बसला.

"मेमसाहेबांना पत्र लिही. म्हनावं, तुमच्या उपकारानं पोरगा शिकला. तुमची आठवन काढतो. आन् बापासाठी चिठ्ठी धाडा."

"मी नाही लिहिणार."

"का?"

"कसले उपकार, अब्बा? त्या रात्री ते काय बोलले ठाऊक आहे तुम्हाला? पोपट म्हणाले मला. त्यांचा पोपट. आणि ती म्हणाली, हा चावत नाही. सगळे हसत होते आणि तुम्हीही हसत होता!"

चुलीपाशी बसलेली रोशनबी हातातलं काम सोडून पाहू लागली. कादरनं दौतीचं झाकण काढलं.

"वीस वर्षं त्यांच्या खुर्चीमागं उभा हाय मी," तो म्हणाला. "लिहाया-वाचाया येत नाय. पन पॅरट म्हंजी काय, ते कळत नाय व्हय मला?"



"मग हसलात का?"

"तर काय करायचं व्हतं? ट्रे टाकायचा? मी हसलो नसतो तर तुला कळलं असतं, बापाला कळलं म्हनून. मला वाटलं, तू ल्हान हाय, तुला नसंल समजलं. वाटंत इचारलं ते त्यासाठीच. तू खोटं बोललास, तवा समजलो."

रोशनबीनं डोळ्यांना पदर लावला. "धुराचं पानी हाय," ती म्हणाली, कुणी न विचारताच.

कादरनं कागद पुढे सरकवला. "आता लिही. चिठ्ठी लागती."

इनायतनं लिहिलं. मेमसाहेबांचे आभार मानले, त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली, दुपारच्या त्या वाचनाची आठवण सतत येते असं लिहिलं. पत्रात व्याकरणाची एक चूक नव्हती. अडीच महिन्यांनी चिठ्ठी आली. कादर प्रामाणिक आहे, स्वच्छ आहे आणि त्याचं पुडिंग उत्तम असतं, एवढंच तिच्यात होतं. पत्राचा उल्लेख नव्हता. कादरला एका डॉक्टर साहेबाकडे जागा मिळाली. बाप-लेकांत तो विषय पुन्हा निघाला नाही. पण त्यानंतर दोघं एका ताटात जेवायचं थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं.

पुढच्या वर्षी परीक्षेला बसायला कादरनं सांगितलं नाही आणि इनायतनं विचारलं नाही. नाशिक-त्र्यंबक मोटारीवर माणूस हवा होता, तिथे तो लागला. तिकिटं द्यायची, टपावर बोचकी चढवायची, यात्रेकरूंना ओरडून बोलवायचं. सिन्नरकडच्याच जहिदाशी त्याचं लग्न झालं. कधी देवळालीचे गोरे हौसेनं त्र्यंबक पाहायला निघत आणि त्याला इंग्रजीत काहीबाही विचारत. तो मान हलवून ड्रायव्हरकडे बोट दाखवी. ड्रायव्हर भिका याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

एकोणचाळीसच्या श्रावणात, सोमवारी, मोटार खच्चून भरली होती. गायधनी मास्तर छत्री सावरत चढले. म्हातारे दिसू लागले होते. त्यांनी इनायतला लगेच ओळखलं.

"पुन्हा बसला नाहीस परीक्षेला?"

"नाही, सर."

"मी तुला भाषांतराचे उतारे दिले होते. त्यातलाच एक आला होता त्या वर्षी. मी नंतर पाहिलं. तू नुसता उतरवला असतास तरी…" मास्तरांचा आवाज चिडका झाला. तीन वर्षांनंतरही त्यांना ते सोसवत नव्हतं. "काय एवढं लिहीत बसला होतास?"

इनायतनं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं.

"जरा आत सरका, सर," तो म्हणाला. "अजून दोन माणसं घ्यायची आहेत."