झुराकान एजेंच्या वर्गात पैलवान

नारीन नावाच्या डोंगराळ गावातल्या अध्यापक महाविद्यालयात झुराकान एजे गणित शिकवायच्या. एजे म्हणजे ताई. तिथं शिकवणाऱ्या बाईंना सगळेच एजे म्हणतात, पण झुराकानना बाजारात कांदे विकणाऱ्या बायकासुद्धा एजेच म्हणायच्या, कारण त्यातल्या बऱ्याचजणी कधी ना कधी त्यांच्या फळ्यासमोर उभ्या राहून घाबरलेल्या होत्या.

त्या मूळच्या वरच्या डोंगरातल्या. वडील मेंढपाळ. लहानपणी कळप कुरणातून परत आला की मेंढरं मोजायचं काम झुराकानकडे असे, आणि त्यांचा आकडा चुकला असं कुणाला आठवत नाही. सतराव्या वर्षी त्या ह्याच महाविद्यालयात शिकायला आल्या आणि शिकून झाल्यावर इथंच शिकवायला लागल्या. लग्न झालं, दोन मुली झाल्या, ट्रक चालवणारे यजमान एका हिवाळ्यात न्यूमोनियानं गेले. मुलींना त्यांनी एकटीनं वाढवलं आणि चांगल्या घरी दिलं. ह्या सगळ्यात त्यांचा तास कधी बुडला नाही. फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. त्या शांततेचा त्यांना फार अभिमान होता.

वर्गाचं दार मात्र बंद. त्यांचंच नव्हे, सगळ्यांचंच. शिक्षकांच्या खोलीत चहा, नान, घरची साय, सगळं एकत्र चालायचं. कुणाच्या घोड्याला काय झालं, कुणाच्या भाचीचं कुठं जमलं, ह्याची सगळ्यांना खबर. पण कोण कसं शिकवतं हे कुणी कुणाला विचारत नसे. दुसऱ्याच्या तासाला जाऊन बसणं म्हणजे परक्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरची झाकणं उचलून पाहणं. वर्षातून एकदा वरचे साहेब यायचे, तेव्हा ‘खुला तास’ व्हायचा. त्याची तालीम इतकी झालेली असायची की कोणत्या मुलीनं कोणत्या प्रश्नाला हात वर करायचा हेही ठरलेलं.

मग साबिरा प्राचार्य झाल्या. त्या झुराकान एजेंच्याच विद्यार्थिनी. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, की ह्या वर्षी प्रत्येकानं एका सहकाऱ्याच्या तासाला बसायचं आणि त्याला आपल्या तासाला बसवायचं. तालीम नाही, अहवाल नाही. बसायचं आणि नंतर चहा पिताना बोलायचं.

“आणि जोड्या कोण लावणार?” इतिहासाच्या ओमोर अगायनी विचारलं. अगाय म्हणजे तिथले सर. “तुमची मर्जी?”

“चिठ्ठ्या,” साबिरा म्हणाल्या. “म्हणजे कुणी माझ्यावर रुसायला नको.”

झुराकान एजेंनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि पुन्हा घडी घातली. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. चिठ्ठीत नाव होतं दोलोतबेकचं.

दोलोतबेक व्यायाम शिकवायचा. एके काळी कुस्तीत प्रांताचं पदक मिळवलेला, दारातून येताना खांदा तिरका करावा लागेल असा गडी, वयानं एजेंच्या धाकट्या भावाएवढा. त्याचाही चेहरा उतरला होता.

“एजे,” तो म्हणाला, “मला गणित येत नाही. शाळेत असताना ह्या विषयानं मला जेवढं आपटलं, तेवढं कुठल्या पैलवानानं आपटलं नाही.”

“मग झोप काढ मागं बसून,” एजे म्हणाल्या. “फक्त घोरू नकोस.”

ओमोर अगाय म्हणाले, “अपूर्णांक आणि उठाबशा. नारीनचं भलं होणार बघा.”

ठरल्या दिवशी दोलोतबेक आला. शेवटच्या बाकावर त्याचे गुडघे मावेनात, म्हणून पाय आडवे बाहेर काढून बसला. एजेंनी अपूर्णांकाचा भागाकार घेतला. ह्या मुली उद्या प्राथमिक शाळेत शिकवायला जाणार, त्यांना हे पक्कं यायलाच हवं. एजेंनी फळ्यावर सुरेख मांडलं: भागायचं असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. “कळलं?” त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एजे फळा पुसायला वळल्या.

“एजे, मला नाही कळलं.”

मागून आवाज आला. दोलोतबेकनं शाळकरी पोरासारखा हात वर केला होता.

“काय नाही कळलं?”

“उलटा करायचा हे कळलं. का करायचा ते नाही कळलं.”

एजेंच्या वर्गात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. एजेंनी समजावलं, शब्द बदलून पुन्हा समजावलं. दोलोतबेकनं प्रामाणिकपणे मान हलवली, नाही. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि शरमही वाटत नसे.

मग पुढच्या रांगेतल्या नाझगुलचा हात हळूच वर गेला. नाझगुल वर्गात हुशार गणलेली. “एजे, मलासुद्धा नाही कळलं. मी नुसतंच पाठ केलंय.” तिच्या मागं आणखी एक हात. मग खिडकीजवळचे. बघता बघता अर्धा वर्ग हात वर करून बसला होता.

एजे खडू हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते त्यांना ठरवता येईना.

तासानंतर चहावर दोघं समोरासमोर बसले. दोलोतबेकनं नानचा तुकडा सायीत बुडवला, पण तोंडात घातला नाही.

“बोल,” एजे म्हणाल्या. “अर्धं तर वर्गात बोललासच.”

“एजे, रागावू नका. मी पोरांना एक डाव एकदा दाखवतो. मग ती एकमेकांना धरतात, आपटतात, चुकतात. तुमच्या वर्गात आखाड्यात तुम्ही एकट्याच. तुम्हीच डाव टाकता, तुम्हीच जिंकता. पोरी बिचाऱ्या टाळ्या वाजवतात.”

एजेंनी कप खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या. घरी जाताना नदीकाठच्या पॉपलरच्या झाडांखालून त्या मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होत्या, एकाहून एक झणझणीत. घर येईपर्यंत उत्तरं संपली. उरली ती नाझगुल: मी नुसतंच पाठ केलंय. इतकी वर्षं जी शांतता आपण कमावली म्हणून मिरवली, ती कसली होती, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी येताना बाजारातून तीन गरम नान आणले आणि वर्गात टेबलावर ठेवले. “प्रत्येकीला पाऊण नान द्यायचा. किती जणींना पुरेल? फळा नाही, नियम नाही. आपापसात बोला.” आणि स्वतः खुर्चीत बसल्या.

हे बसणं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. एजे गप्प. एका मुलीला वाटलं ह्यांना बरं नाहीये, ती पाणी घेऊन आली. एजे पाणी प्यायल्या आणि पुन्हा गप्प बसल्या. शेवटी नाझगुलनं उठून प्रत्येक नानचे चार तुकडे केले. तिघींना पाऊण-पाऊण दिला. प्रत्येक नानमधला एकेक पाव उरला.

“तीन जणी,” कुणीतरी म्हणालं.

“आणि हे तीन तुकडे काय कोंबड्यांना?” चोल्पोन नावाची, कधीच न बोलणारी मुलगी मागून म्हणाली. “तीन पाव म्हणजे पाऊणच ना. चौथीला झालं की.”

मग कल्ला झाला. तीन गुणिले चार, भागिले तीन. उलटा का करायचा, ते तुकडे करताना मुलींना हातातच दिसलं, आणि त्या एकमेकींना ओरडून सांगायला लागल्या. आवाज ऐकून ओमोर अगाय दार उघडून बघायला आले. एजे खुर्चीत बसून नान खात होत्या आणि हसत होत्या.

“भांडण झालं का?” त्यांनी विचारलं.

“भागाकार झाला,” एजे म्हणाल्या. “या, तुम्हालाही पाव तुकडा आहे.”

आता दोलोतबेकची पाळी. व्यायामशाळा गार होती म्हणून एजे घरून उशी आणि शाल घेऊन गेल्या. व्हॉलीबॉल चालू होता, चेंडू गोळ्यासारखे सुटत होते, दोलोतबेक शिट्टी वाजवत, ओरडत, खूश. एजेंनी चेंडूकडे फार पाहिलं नाही. लहानपणापासून त्यांना कळपाच्या कडेला कोण मागं राहिलंय ते बघायची सवय. चहावर त्या म्हणाल्या, “तुझा तास सुरेख. पण भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या कोण?”

“कोण?”

“तेच म्हणते मी. तू त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. ज्यांना खेळता येतं, त्यांनाच तू चेंडू देतोस.”

दोलोतबेकचे कान लाल झाले. तो म्हणाला, “त्यांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, असं सांगतात.”

“माझ्या वर्गात मुली माना डोलवायच्या, तुझ्या वर्गात पोट दुखतं. एकच दुखणं आहे ते.”

“मग करू काय? त्या घाबरतात.”

“त्यांच्याहून वाईट खेळणारं कुणीतरी आण.”

“असं कोण मिळणार?”

पुढच्या तासाला एजे डोक्याला रुमाल घट्ट बांधून, नातवाचे खेळाचे बूट घालून मैदानात उतरल्या. पहिला चेंडू त्यांनी मारला तो मागं गेला. दुसरा छताच्या दिव्याला लागला. तिसरा दोलोतबेकच्या नाकावर. भिंतीजवळच्या मुली तोंडावर हात दाबून हसत होत्या. मग हात काढून हसायला लागल्या.

“हसताय काय,” एजे म्हणाल्या, “या आणि दाखवा कसं मारतात ते.”

चोल्पोन त्या भिंतीजवळच्याच मुलींत होती. ती आली. तिनं एजेंचा हात धरून मनगट सरळ केलं. “एजे, चेंडूला घाबरू नका, तो काही प्रश्न विचारत नाही.” मग बाकीच्या आल्या. दोलोतबेकनं शिट्टी खिशात घातली आणि नाकाला बर्फ लावून शांत बसला. त्याला बसणं तितकंच जड गेलं; पाय सारखे हलत होते.

ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचायला दुपार लागली नाही. आधी सगळ्यांनी यथेच्छ टिंगल केली. मग एक दिवस ओमोर अगाय एजेंच्या शेजारी येऊन बसले आणि चहात बराच वेळ साखर ढवळत राहिले.

“एजे, माझ्या तासाला पोरं लिहून घेतात. मी सांगतो, ती लिहितात. तुम्ही दोघं एकदा येऊन बसाल का? पण आधीच सांगतो, त्या पैलवानानं हात वर करायचा नाही.”

“तो करणार,” एजे म्हणाल्या.

“करू दे मग,” ओमोर अगाय म्हणाले आणि चहा एका दमात संपवला.

वसंतात साहेब खुला तास बघायला आले, तेव्हा साबिरांनी एजेंना विचारलं, तालीम घेतली का. एजे नाही म्हणाल्या. तास वेडावाकडा झाला. मुली चुकल्या, वाद घातला, एका मुलीनं एजेंचीच बेरीज चुकल्याचं दाखवून दिलं, आणि ती खरंच चुकली होती. साहेबांबरोबरच्या कमिटीतल्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या बाई आधी टिपणं काढत होत्या. मग पेन ठेवून मुलींच्या घोळक्यात शिरल्या आणि स्वतःच वाद घालायला लागल्या. जाताना त्यांनी साबिरांना एवढंच विचारलं, की दुसऱ्या गावचे शिक्षक इथं बसायला पाठवले तर चालेल का.

त्या उन्हाळ्यात सगळे शिक्षक वरच्या कुरणावर सहलीला गेले. ओमोर अगायनी घोडीचं आंबवलेलं दूध जरा जास्तच घेतलं आणि सगळ्यांना इतिहास शिकवण्याची नवी पद्धत दोनदा समजावून सांगितली. गवतावर जाळी बांधून सामना झाला. झुराकान एजेंनी चेंडू मारला, तो जाळीवरून नीट पलीकडे गेला आणि समोरच्या साबिरांना काही तो उचलता आला नाही. एजेंनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, रुमालाची गाठ आवळली आणि पुढचा चेंडू मागितला.