सिस्टरला कमिटीत बसवा

उन्हाळा लागला म्हणून मी आन् माझी बायको सुमन कूलरला नवा वाळा बांधत होतो. ती जाळी धरून उभी, मी सुतळी आवळत होतो. "ढिला बांधताय," म्हणली. म्हणता म्हणता थरथर कापायला लागली. एवढ्या उन्हात थंडी.

पुंडलिकनगरातून रिक्षानं एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणले, "बाबा, सेप्सिस आहे." म्हंजे लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं, सगळ्या अंगात इख. आयसीयूत टाकली. तोंडात नळी, व्हेंटिलेटर. म्हंजे श्वास मशीन घेतं. मी बाहेर बाकड्यावर. शबाना सिस्टर येऊन सांगायची, "काका, ताप उतरला. नळी काढतील आता."

एका दुपारी सुमनच्या शेजारच्या खाटेवरला अपघाताचा माणूस गेला. त्याची माणसं आत घुसली. काचा फोडल्या. डॉक्टर पळाले. एकानं सलाईनचा स्टँड शबानाच्या डोक्यात घातला. दुसऱ्यानं सुमनचं मशीन ढकलून पाडलं. मी बाकड्यावरनं आत धावलो, त्याची गचांडी धरली. त्यानं मला भिंतीवर आपटलं, दात पडला. शबानाचा डोळा रक्तानं भरलेला, तरी उठली. अंबू बॅग, म्हंजे हातानं दाबायचा हवेचा फुगा, तो लावून दाबत राहिली. तिचं रक्त सुमनच्या चादरीवर गळत होतं. पोलीस आले तरी दाबतच होती.

सुमन गेली. पोलीस केस, म्हणून मयत मॉर्च्युरीत ठेवलं.

संध्याकाळी ट्रस्टच्या चेअरमननं केबिनमधी बोलावलं. "आजोबा, आयसीयूतल्या एका खाटेला तुमच्या मंडळींचं नाव देऊ."

"खाट घाला चुलीत. दाराला गार्ड द्या म्हणून ह्या सिस्टर पोरी कधीच्या सांगतात. दवाखाना चालवणाऱ्या तुमच्या कमिटीत कोण बसतं?"

"बिल्डर, व्यापारी, डॉक्टर."

"सिस्टर?"

ते हसले. "नर्सला मीटिंगमधलं काय कळतं?"

मी काठी टेबलावर हाणली. काच फुटली. "मार खायचं बरं कळतं तिला!"

चेअरमन मागं सरले. "बरं बरं. सकाळी मीटिंग आहे. पाठवा एक. कमिटीत कायमची घेऊ."

कुणीच सिस्टर तयार होईना. शबानाला टाके पडलेले. म्हणली, "काका, रहने दो. तिथं बोलले तर माझीच नोकरी जाईल."

"डोकं फोडून घ्यायला पुढं, आन् बोलायला मागं व्हय? तू नाय बसलीस तर दार असंच उघडं राहील. अजून कुणाची तरी बायको मरंल."

"ते लोक इंग्लिशमधी बोलतात."

"तू मराठीत भांड."

हसायला गेली, टाके ओढले, तोंड वाकडं झालं. हो काय म्हणली नाय.

तुमचं माणूस आयसीयूत असंल तर बाकड्यावर नुसतं बसू नका. विचारा, इथल्या कमिटीत सिस्टर हाय का. आन् पोरींनो, बोलावलं तर नाय म्हणू नका.

सकाळी शबाना डोक्याला पट्टी बांधून आली. मीटिंगच्या दारात थबकली. मी आत गेलो, चेअरमनच्या शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावरली कुणाची तरी बॅग खाली फेकली. "बस," म्हणलं.

ती बसली. मग मी सुमनला घ्यायला मॉर्च्युरीकडं गेलो.