एकशे बाराव्या पानावरची गोष्ट

प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. अत्यंत महत्त्वाची सूचना. नऊ वर्षांपूर्वी सुटायला हवी होती ती गाडी आज, आत्ता, फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. झालेल्या विलंबाबद्दल— नाही. पुढचे वाक्य मी रोज वीस वेळा म्हणतो, पण आज म्हणणार नाही. या गाडीला ते शोभायचे नाही.

सवय आहे हो. सव्वीस वर्षे एसटी स्टँडवर माइकसमोर बसलेला माणूस मी. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट ही नावे मी अशी घेतो, की ज्याला कुठेच जायचे नाही त्यालाही पिशवी उचलावीशी वाटते. मंदा, म्हणजे आमची बायको, म्हणते, "हा माणूस जेवताना मीठ मागते तेबी फलाट सांगितल्यासारखं." माझ्याकडे दागिना म्हणाल तर हा एवढाच— आवाज. आणि त्या आवाजाने मी जे केले ते आजवर कुणापुढे काढले नाही. मंदापुढेही नाही. एका बाईला तेवढे सांगितले, गेल्या महिन्यात. ते शेवटी येईलच.

तुम्ही मित्र म्हणून ऐकताय ना? मग जरा हळू घेतो.

सिंदी मेघेत आमच्या वस्तीत छोटे बुद्धविहार आहे. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, आणि वाचणारा अर्थातच मी. राजा बोलला की माझा आवाज जाड, दासी बोलली की बारीक, नदी आली की मी पाण्यासारखा वाहायचो. दुसऱ्या वस्तीतल्या बाया चटया घेऊन यायच्या. आता पहिली कबुली घ्या— लांबलचक चर्चा आली की मी दोन-दोन पाने गुपचूप उलटायचो. अख्खा ग्रंथ मी कधी वाचलेलाच नव्हता. बारा वर्षांचा वाचक, आणि ग्रंथ अर्धा! हसलात? हसा. पण ती ही चूक नव्हे. हा नुसता वाटेतला चहाचा थांबा.

आमच्या घराला लागून शेवंताबाईंचे घर. मध्ये छातीएवढी भिंत. त्यांचे यजमान देवरावभाऊ पुलगावहून इथे राहायला आले, तेव्हा त्यांनी पहिल्या आठवड्यात भिंतीलगत जांबाचे झाड लावले. तुमच्याकडे पेरू म्हणत असतील. आतून गुलाबी, साखरेसारखा. पौर्णिमेला शेवंताबाई परातभर जांब चिरून, तिखट-मीठ लावून विहारात आणायच्या, आणि खीर मागे राहून परात आधी रिकामी व्हायची. दुपारी देवरावभाऊंची खाट त्या झाडाखाली. सगळी वस्ती तिथे टेकून जायची.

आणि मी काय केले? मी गाडी घेतली. जुनीच, पण पांढरी. आणि लावायला जागा कुठे, तर भिंतीलगत. पिकलेला जांब टपावर पडला की ढब्ब आवाज यायचा, आणि माझ्या काळजावर पडल्यासारखे व्हायचे. वर पोपट, रात्री वटवाघळे, आणि त्या सगळ्यांची पोटे एकदम साफ. मी देवरावभाऊंना म्हटले, झाड काढा. ते खाटेवरून हसले. "जांब पडला त गाडी काई मरत नाई भाऊ. खाऊन घ्या न!" शेवंताबाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, "झाडाले हात लावाचा नाई जी. ते आमच्या घरातलं माणूस हाय."

बरोबरच होते की नाही? होते. पण पांढऱ्या गाडीच्या मालकाला बरोबर काय ते कधी दिसते?

आता येतो. येतोच.

नऊ वर्षांपूर्वीचा वर्षावास. संध्याकाळी विहार भरलेले. नेहमीप्रमाणे आधी पंचशील. चौथे शील, खोटे बोलणार नाही— तेही माइकवर मीच म्हटले आणि सत्तर माणसे माझ्यामागून म्हणाली. मग ग्रंथ उघडला. पुढच्याच रांगेत शेवंताबाई, पदर डोक्यावर, हात मांडीवर. आणि मला काय झाले ते सांगू? काहीही झाले नाही. राग नव्हता, तोल गेला नव्हता. सुचले. नुसते सुचले, आणि इतके छान सुचले की मला गंमत वाटली.

डोळे पानावर ठेवून मी जे पानावर नव्हते ते वाचले. एका नगरीत एक उपासिका होती. तिच्या अंगणात आंब्याचे झाड. (जांब म्हटले असते तर पकडलो गेलो असतो. आणि त्या काळी आपल्याकडे जांब होता की नाही, कोण जाणे.) झाडापायी तिचे शेजाऱ्याशी जुळत नव्हते, ध्यानाला बसली तरी मन फांदीवर. एक म्हातारी भिक्खुणी दारी आली. इथे मी आवाज असा केला, की छताचा पंखाही मंद झाला असावा. भिक्खुणी म्हणाली, "बाई, झाड तू धरलंस की झाडानं तुला? मूठ उघडल्याशिवाय हात जुळत नाहीत." उपासिकेने झाड सोडले. मन शांत झाले. कथा संपली. विहारात साधु, साधु, साधु.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला.

शेवंताबाईंनी स्वतः माणूस बोलावला होता. भिंतीशी आल्या. चेहरा इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. "भाऊ, तुमच्या गाडीले आता काई नाई होनार. काल तुम्ही वाचलं न, तवाच समजलं मले. झाड मी नाई धरलं, झाडानंच मले धरलं होतं." दुपारी त्यांनी शेवटचे टोपलीभर जांब आमच्याकडे पाठवले. मी खाल्ले. गोड होते.

देवरावभाऊ दोन दिवस बुंध्याशी बसून राहिले. मग त्यांनी खाट उचलून आत नेली.

तेव्हाच सांगता आले असते ना? हो. एका वाक्याचे काम होते. पण वस्तीत जो-तो म्हणत होता, वाचन असावे तर असे, ऐकणाऱ्याचे आयुष्य बदलते. ते ऐकायला मला फार गोड वाटत होते— त्या जांबांहूनही.

जांबाचा बुंधा काही मेला नाही. दर पावसाळ्यात त्याला कोंब फुटायचे, तांबूस, कोवळे. आणि दर पावसाळ्यात शेवंताबाई ते आपल्या हाताने मोडायच्या. "नको रे बाबा," त्याला म्हणायच्या, "सोडलं न तुले." मी गाडी पुसत असायचो.

साडेपाच वर्षांनी देवरावभाऊंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि उजव्या हाताची मूठ आवळली ती आवळलीच. समोरच्या खोलीत खाट. झाड नव्हते, त्यामुळे माझ्या अंगणातून मला ती खोली थेट दिसायची. झाड तोडून मला हे बघायला मिळाले. रोज सकाळी शेवंताबाई कोमट तेल घ्यायच्या आणि त्या मुठीचे एकेक बोट उघडायच्या. घाई नाही. आधी डोळे मिटून आपलेच दोन-चार श्वास बघायच्या, मग करंगळी, मग तिच्या शेजारचे. तोंडाने माझेच वाक्य— मूठ उघडल्याशिवाय हात जुळत नाहीत. पाचही बोटे उघडली की त्यांचा तो हात दुसऱ्या हाताला जुळवायच्या, वरून आपले दोन्ही हात ठेवायच्या आणि त्रिसरण म्हणायच्या. दुसऱ्या सकाळी मूठ पुन्हा बंद. पुन्हा करंगळी. दोन वर्षे. मी त्यांना एकदाही चिडलेले पाहिले नाही. एकदा देवरावभाऊंनी वाटी फेकली, तेव्हा त्या म्हणाल्या, "फेका, फेका! हात चालाले लागला म्हंजे."

सांगा, अशा बाईला कसे सांगायचे, की तुम्ही ज्याला धरून उभ्या आहात ते मी गाडीच्या टपासाठी रचले? मी स्वतःला हे कारण फार वापरले. चांगले कारण आहे. मऊ आहे. डोक्याखाली घ्यायला बरे.

देवरावभाऊ गेले. जलदानविधीला भंतेजी आले, तरुण, अभ्यासू. शेवंताबाई सगळ्यांसमोर शांतपणे बोलल्या. त्या भिक्खुणीच्या वचनावर दिवस काढले, म्हणाल्या. भंतेजींनी मान हलवली आणि सहज विचारले, "फार सुंदर आहे. हे कुठे आलं आहे, उपासिका?"

"ते भाऊले मालूम. त्यायनंच वाचलं होतं."

साठ-सत्तर डोकी माझ्याकडे वळली. खरे सांगून टाकायची, ती उशिराची गाडी सोडायची, ही दुसरी वेळ होती. मी माझ्या सर्वोत्तम आवाजात, फलाट सांगावा तसे, सांगितले, "ग्रंथात पान एकशे बारा, भंतेजी."

पहिले खोटे मस्तीत होते. हे भीतीने होते. आणि आकडा! आकडा कशाला सांगितला मी?

त्या आकड्यापायी शेवंताबाईंनी ग्रंथ विकत घेतला. तिसरीपर्यंत शिकलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू. आठवड्याने भिंतीशी आल्या. "भाऊ, माह्या ग्रंथात एकशे बारावर दुसरंच काई हाय." मी म्हटले, "आवृत्ती वेगळी असेल, वहिनी. पानं मागंपुढं होतात." तिसरे. मोजताय ना?

मग त्यांनी पहिल्या पानापासून शोधायला घेतले. जांबाच्या बुंध्यावर बसायच्या, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. दीड वर्ष. मधूनमधून भिंतीवरून सांगायच्या, "नाई भेटलं अजून. पन आज दुसरं भेटलं, आयका." आणि जे वाचून दाखवायच्या ते मी पहिल्यांदा ऐकत असायचो. ती माझी उलटलेली पाने होती. त्यात क्रोधाचे होते, लोभाचे होते, आजाऱ्याच्या सेवेचे होते. सगळे खरे, आणि माझ्या कथेपेक्षा कितीतरी साधे. मी "वा" म्हणायचो.

गेल्या महिन्यात, सकाळी नऊच्या सुमारास, त्यांनी ग्रंथ मिटला आणि मला हाक मारली. "संपला जी. नाई भेटलं." मग हसल्या, आपल्यालाच. "माहंच लक्ष चुकलं असन कुठं तरी. डोळा बी धड नाई. आता परत पयल्या पानापासून वाचीन." आणि खरोखर पहिले पान उघडले. बोट पहिल्या ओळीखाली ठेवले.

तेव्हा मी सांगितले. भिंतीच्या या बाजूने, माइक नसताना, अगदी कोरड्या आवाजात. गाडी, आंबा, भिक्खुणी, पान एकशे बारा, आवृत्ती. काहीच सजवले नाही. मला वाटते आयुष्यात पहिल्यांदाच. खरे सांगू? बोलता बोलता मनात त्यांची उत्तरेही तयार होत होती. त्या म्हणतील, मले मालूमच होतं. त्या म्हणतील, गोष्ट कोनाची का असेना, कामाले आली. मी त्यांचे संवादसुद्धा लिहून ठेवले होते. म्हणजे तेव्हाही मी रचतच होतो.

त्यांचे बोट तसेच ओळीखाली होते. पाऊस नुकताच उघडला होता, बुंध्याच्या कडेला या वर्षीचे दोन कोंब आले होते, अजून मोडलेले नव्हते. त्यांनी वाकून त्यांतला एक दोन बोटांत धरला. मोडला नाही. नुसता धरला. आणि माझ्याकडे न बघताच एकदम म्हणाल्या—

"मंग दरसाली याचे कोंब काऊन मोडले जी मी?"