अंबाझरीच्या वीतभर लाटा

हे सगळं असंच घडलं का, याची मला खात्री नाही. दहा वेळा सांगितलेल्या किश्शात अकराव्या वेळी नवं काहीतरी शिरतंच. आमच्या तलावमंडळीचे किस्से तर ट्रकच्या ट्यूबसारखे, दर वेळी थोडी हवा जास्त भरलेली! काही चुकलं तर दोष माझा समजा.

सत्तरच्या दशकात आम्ही चौघे रोज सकाळी अंबाझरी तलावावर जमायचो. वारा सुटला की बांधाच्या पाळीजवळ वीतभर लाटा उठत. ट्यूबवर पालथं पडून त्या लाटेबरोबर काठापर्यंत यायचं, हा खेळ. ट्यूबा गॅरेजवाल्या देवाजीच्या.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. योग्य लाट कोणती, या विचारात मी पाण्यात नुसताच थांबे. देवाजी ओरडायचा, "सर, लाट आली, गेली, घरी जाऊन जेवली! तुम्ही काहून थांबून राहिले?"

*

बँकेतल्या पांडेंच्या पोटावर ट्यूबच्या व्हॉल्व्हचे ओरखडे उठले. बायकोनं विचारलं, "हे कोणी केलं?"

"ट्यूबनं."

"तिचं पूर्ण नाव सांगा!"

*

चौथे श्यामराव. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी, पहिल्या बसनं यायचे. पाण्याची त्यांना भयंकर भीती. म्हणून ते काठावर बसून आमचे कपडे सांभाळत. एकदा बकरीनं माझ्या शर्टाची बाही खाल्ली. श्यामराव अभिमानानं म्हणाले, "बाही गेली सर, पण खिसा वाचवला!"

*

त्यांचा एकुलता एक मुलगा सुधीर मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. त्याच उन्हाळ्यात रेडिओवर बातमी आली, बंगालच्या उपसागरात वादळ. सुधीरची काहीच खबर नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामरावांनी शर्ट काढला. "देवाजी, एक ट्यूब मले दे."

"काहून गा श्यामराव?"

"पोरगं तिकडे लाटेवर आहे. मी इथं कोरडा कसा बसू?"

तलाव आटलेला, पाण्यावर हिरवी साय, वास असा की नाक धरावं. लाटा म्हणाव्या अशा लाटाही नव्हत्या. श्यामराव डोळे घट्ट मिटून ट्यूबला बिलगले आणि गोल गोल फिरू लागले. पांडे म्हणाले, "आपण बाजूनं राहू."

"आणि कपडे?" मी विचारलं.

देवाजी म्हणाला, "आज बकरीले पार्टी!"

आम्ही तिघेही उतरलो. पुढे रोज तेच. श्यामराव बाहेर येईपर्यंत कोणी चहाचं नाव काढत नसे.

मग एके सकाळी श्यामराव पाळीवरूनच ओरडत आले, "काल ऑफिसात ट्रंककॉल आला! पोरगं सुखरूप आहे! म्हणते, लाटा ताडाएवढ्या होत्या!"

"म्हणजे आपल्याहून जराशाच मोठ्या," देवाजी म्हणाला.

श्यामराव हसत हसत खाली बसले आणि आमचे कपडे मांडीवर घेतले. पुन्हा कधी पाण्यात उतरले नाहीत.

*

श्यामराव गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी सुधीर भेटला. आठवणीवर भरवसा नाही, म्हणून मी त्यालाच त्या वादळाबद्दल विचारलं.

"कुठलं वादळ, काका! आमचं जहाज तेव्हा दुरुस्तीले गोदीत उभं होतं. मी पत्ते खेळून राहिलो होतो."

"मग ताडाएवढ्या लाटा?"

"फोनवर बाबाच आधी बोलले, 'मी बी रोज लाटेवर होतो गा.' मग मी म्हटलं, 'हो बाबा, लई मोठ्या होत्या.'"