मी दाखवलेली दोन बोटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रश्मीला नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिला माझ्या पासवर्डपासून पित्तापर्यंत सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. आईला नाही. आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या गॉर्डनला तर नाहीच नाही. मराठीत लिहितोय, कारण गॉर्डनला मराठी वाचता येत नाही. म्हणजे बघा, कबुली द्यायला बसलो तोही अशी सोय पाहून!

आधीच सांगतो, मी काही रडत-कुढत जगणारा माणूस नाही. चांगलं चाललंय माझं. ऑगस्ट संपत आलाय, आणि इथे कॅनडात, सस्काटूनमध्ये, हे दिवस फार सुखाचे असतात. डास कमी झालेले, बर्फाला अजून अवकाश, बॅकयार्डात टोमॅटो पिकलेले. शिवाय फुटबॉल. मोहल्ल्यातल्या मुलांचा सीझन पुढच्या शनिवारी सुरू होतोय, आणि तिकडे अमेरिकेतलाही येऊन ठेपलाय. अशा दिवसांत मी नुसता खूश असतो. हे लिहितानाही तसा खूशच आहे, आणि तीच तर खरी भानगड आहे.

गेल्या शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. कॉलेजात नवीन आलेली चार-पाच पोरं होती, पुण्याची, नाशिकची, एक आमच्या नागपूरचा. आणि त्यांचा तो दरवर्षीचा प्रश्न — काका, अमेरिकेतलं फुटबॉल आणि इथलं, फरक काय हो? झालं! माझ्या कानात वारं शिरलं. हातातली प्लेट बाजूला ठेवली आणि सुरू झालो. बघा राजेहो, खेळ तसा एकच. तोच लांबुळका बॉल, तीच झोंबाझोंबी. दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात की पुन्हा नव्याने सुरुवात. पण त्या दहा यार्डांसाठी तिकडे प्रयत्न मिळतात चार, इथे तीनच. या प्रयत्नाला म्हणतात डाउन. तिकडे अकरा माणसं, आमच्याकडे बारा. आमचं मैदान लांबीला मोठं, रुंदीलाही मोठं. गोलपोस्ट तिकडे पार मागे नेऊन ठेवलेत, इथे थेट गोलरेषेवर, खेळाडू आपटतातसुद्धा त्यांच्यावर. आणि आमचा एका पॉइंटचा नियम! गोलाला मारलेली किक बसली तर तीन पॉइंट; चुकली, पण समोरच्यांना बॉल त्यांच्या गोलाच्या पट्ट्यातून बाहेर काढता आला नाही, तर एक पॉइंट तरी पदरात पडतो.

‘चुकल्याबद्दल पॉइंट?’ म्हणून पोरं हसतातच. मग माझं डोकं फिरतं. अरे, हसता काय? इथे दुसऱ्यांदा फसलात की किक मारण्यावाचून गत्यंतर नाही, तिकडच्यासारखं निवांत विचार करत बसायला सवड नाही. खरा खेळ हा! आणि ‘कॅनडाचं म्हणजे दुय्यम’ असं कुणी म्हणालं ना, तर त्याला मी दुसऱ्यांदा गुलाबजाम वाढत नाही.

गॉर्डन तिथेच खुर्ची टाकून रश्मीच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खात बसला होता. शेजारचाच तो, सहा दशकं या गावात काढलेला, आता शहात्तर वर्षांचा. मराठीत त्याला मी ‘अहो’ म्हणायला हवं, आई हे वाचेल तर रागावेल, पण इंग्रजीत सगळेच ‘यू’, त्यामुळे जीभ ‘अरे’वरच बसलीये. तो तोंडातला घास संपवून पोरांना म्हणाला, ‘यालाच विचारा. माझ्यापेक्षा याची नजर चांगली आहे.’

पोरं हसली. मीही हसलो. आणि बाजूला ठेवलेली प्लेट उचलून आत निघून गेलो. कारण गॉर्डनची नजर बिघडली आहे, हे गॉर्डनला कुणी पटवलं? मी.

पण असं एकदम नाही सांगता येत. थोडं मागे जाऊ द्या मला.

मी एम.एस. केलं ओहायोत. फुटबॉल तिथेच शिकलो, तिथलं, चार प्रयत्नांचं. व्हिसाचं जमलं नाही, कॅनडात आलो, इथे खाणीच्या कंपनीत नोकरी मिळाली. पहिल्याच हिवाळ्यात मी घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तिसऱ्या मिनिटाला कंबर धरून बसलो, तर शेजारून हा माणूस आला, फावडं हातातून घेतलं आणि बर्फ कसा उचलायचा ते दाखवलं. दोस्ती तिथून झाली. त्याची बायको नुकतीच गेली होती, मुलगी कॅल्गरीत. आणि त्याचं एक व्रत होतं — मोहल्ल्यातल्या मुलांच्या मॅचला दर शनिवारी साइडलाइनवर उभं राहायचं. तीस वर्षं! स्वतःची मुलगी मोठी होऊन निघून गेली तरी हा आपला उभाच. कुठला पगार नाही, काही नाही, व्हॉलंटियर. दोन खांबांना बांधलेली दहा यार्डांची साखळी धरायची, आणि तिसऱ्या खांबावर आकड्याची पाटी असते, एक, दोन, तीन, कितवा डाउन चाललाय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. ती पाटी गॉर्डनची. दुसऱ्या कुणाच्या हातात तो ती देत नसे.

मला त्याने साखळीच्या मागच्या खांबावर उभं केलं. काय मजा यायची! थंडीत नाक गळतंय, हातात खांब, आणि मुलं समोर धडाधड आपटतायत. चौथा प्रयत्न इथे नसतो याचं मला सुरुवातीला फार वाईट वाटायचं. गॉर्डन म्हणायचा, ‘चौथा कशाला हवा? तू काय करशील त्याचं?’

त्याची कामाची एक पद्धत होती. रेफरी मैदानातून बोटं वर करून डाउन दाखवतो. ऊन डोळ्यांवर आलं की गॉर्डनला ती नीट दिसायची नाहीत, मग मी बघायचं आणि मी त्याला बोटं दाखवायची. ती पाहिल्याशिवाय तो आकडा फिरवायचा नाही. भिस्त माझ्यावर. एवढंच काम होतं हो माझं — बघायचं आणि दाखवायचं!

सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. सेमी फायनल. आमची मुलं एका पॉइंटने मागे, मिनिटभराचा खेळ उरलेला, आणि बॉल समोरच्यांच्या गोलापासून जेमतेम पंधरा यार्डांवर. दुसरा डाउन झाला. मध्येच रेफरीचा नारिंगी रुमाल पडला, म्हणजे कुणाचा तरी फाउल. अशा वेळी डाउन पुन्हा खेळायचा की पुढचा सुरू, हे रेफरी ठरवून सांगतो. सगळे थांबले. गॉर्डनच्या तोंडावर तिरपं ऊन. तो माझ्याकडे बघत उभा.

आणि मी कुठे बघत होतो?

मी फोनमध्ये बघत होतो. त्याच दुपारी ओहायोत माझ्या जुन्या युनिव्हर्सिटीची मॅच होती. फोन जॅकेटच्या बाहीत धरलेला, लोकरी टोपीखाली एका कानात इअरबड. हे मी सबंध सीझनभर करत होतो — हेही आजच सांगतोय. कानात कॉमेंटेटर ओरडला, सेकंड अँड एट, म्हणजे दुसरा डाउन, आठ यार्ड बाकी. मी दचकून वर पाहिलं, गॉर्डन वाट बघतोय. रेफरीचा हात तोवर खाली गेला होता. आणि माझा हात आपोआप वर गेला, दोन बोटं. ओहायोतला डाउन मी सस्काटूनमध्ये दाखवला! गॉर्डनला वाटलं, डाउन पुन्हा खेळायचाय. त्याने पाटी दोनवरच ठेवली.

रेफरीने दाखवले होते तीन.

कोचने पाटी बघितली. अजून एक संधी आहे म्हणून बॉल नुसता मधोमध आणायला सांगितलं, गोलपोस्टच्या समोर, म्हणजे पुढची किक सोपी जाईल. पुढची! तेव्हाच मारलेली किक बसली असती तर तीन पॉइंट मिळून मॅच जिंकलेली होती. चुकली असती तरी कदाचित तो एक पॉइंट मिळून बरोबरी झाली असती. मुलं धडपडली, तिथल्या तिथेच अडवली गेली, आणि रेफरीने बॉल समोरच्यांना दिला. कोच ओरडत धावत आला, पाटीकडे बोट दाखवत. रेफरीने आपला हात पुढे केला. हे लोक बोटाला रबर बँड अडकवतात, दर डाउनला पुढच्या बोटावर सरकवतात. रबर बँड तिसऱ्या बोटावर होता.

मग सगळे आमच्याकडे वळले. माझी तर पाचावर धारण बसली. गॉर्डनने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला विचारलं — रागाने नव्हे हो, अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारतोय असं — ‘तू तीन दाखवली होतीस ना?’

मी मान हलवली. हो म्हणून.

एवढंच. तोंडातून शब्दही काढला नाही. खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गॉर्डन कोचकडे वळला आणि म्हणाला, ‘चूक माझी. याने तीन दिली, मी दोन पाहिली.’ तेवढ्या वेळात मी इअरबड काढून खिशात टाकला. बघा, घाबरलेल्या माणसालाही किती सुचतं!

मुलं दोन दिवसांत विसरली. मुलंच ती, हॉकी सुरू झालं. विसरला नाही तो गॉर्डन. त्या हिवाळ्यात त्याने पाटी परत केली, तीस वर्षांनी. म्हणाला, चांगल्या डोळ्यांचं कुणीतरी बघा. डोळे तपासून आला. डॉक्टरने सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत, खुशाल गाडी चालवा. मला वाटलं, सुटलो! पण हा ड्राइव्हवेवर उभा राहून मला म्हणतो, ‘डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं पळत नाहीत. उद्या रस्त्यात कुणाचं पोर आलं आणि मला दिसलं नाही तर?’ आणि त्याने आपला पिकअप ट्रक, त्याची रोजची गाडी, पुतण्याला देऊन टाकला. कॅनडाच्या मैदानी भागात ट्रक नसणं म्हणजे काय, हे इथल्याच माणसाला कळेल. पाय काढून दिल्यासारखंच आहे.

तेव्हा सांगता आलं असतं. किल्ल्या त्याच्या हातात होत्या, पुतण्या यायचा होता, अख्खी दुपार पडली होती. मी काय म्हणालो? म्हणालो, ‘काळजी करू नको, मी आहे ना.’

आणि मी आहेच, सहा वर्षं. ग्रोसरी, डॉक्टर, चर्च, मंगळवारची मित्रांबरोबरची कॉफी, सगळीकडे मीच नेतो त्याला. मंडळात लोक म्हणतात, केवढं करतोस रे त्या म्हाताऱ्याचं! रश्मी म्हणते, तुझ्यातला हा गुण मला फार आवडतो. मी मान खाली घालतो, तर लोकांना वाटतं, विनय. आणि आता ते सांगतो जे सांगायची खरी लाज वाटते. मला त्या फेऱ्या आवडतात. माझ्या आठवड्यातला तो सगळ्यांत चांगला वेळ आहे. तो शेजारी बसतो, कुठल्या शेतात काय पेरलंय ते सांगतो, अमेरिकेतल्या चौथ्या डाउनची टिंगल करतो, मी उगाच त्या चौथ्या डाउनची बाजू घेऊन भांडतो. माझे बाबा मी दहावीत असताना गेले. इतकं निवांत मी त्यांच्याशीही कधी बोललो नाही. त्याचा ट्रक असता तर हे झालं असतं का? नसतं. त्याच्याकडून ट्रक काढून घेऊन मी हे मिळवलंय. आणि मी सुखात आहे. अपराधाने झोप उडाली, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण झोप छान लागते मला.

पाटी? ती आता माझ्याकडे आहे. गॉर्डननेच माझं नाव सुचवलं. पुढच्या शनिवारी नवीन व्हॉलंटियर्सना कामही मीच शिकवणार आहे. फोन गाडीत ठेवून यायचा, हा माझा पहिला नियम. फार कडक आहे म्हणे मी.

काल त्याच्या बहिणीला भेटायला शहराबाहेर गेलो होतो. परत येताना रस्ता मोकळा, दोन्हीकडे कापणीला आलेला गहू. एकदम तो म्हणाला, ‘हरीण. उजवीकडे, त्या झुडपापाशी.’ मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी ब्रेक दाबला. गाडी पार हळू झाली तेव्हा कुठे लांबवर झुडपातून एक हरिणी बाहेर आली, मागून तिचं पिल्लू. रस्ता ओलांडून दोघं गव्हात शिरली. गॉर्डनने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘बरं झालं तू चालवत होतास. मी असतो तर दिसलीही नसती मला.’

मी ‘हं’ म्हणालो आणि गाडी पुढे काढली.